मार खाल्लेली काकडी

दोस्तांनो, काकडीची कोशिंबीर तर घरोघरी होते. पण पानात वाढेपर्यंत ती पाणचट का होते, ठाऊक आहे? मीठ काकडीतलं पाणी बाहेर ओढतं म्हणून! चीनमध्ये मिठाकडून हे काम आधीच करवून घेतात. तिथल्या या पदार्थाचं नाव ‘पाय हुआंगग्वा’. ‘पाय’ म्हणजे थापट मारणे आणि ‘हुआंगग्वा’ म्हणजे काकडी.

साहित्य : 2 कोवळ्या काकड्या, अर्धा चमचा मीठ, 1 चमचा साखर, 2 चमचे व्हिनेगर, 1 चमचा सोया सॉस, 2 लसूण पाकळ्या, 1 चमचा भाजलेले तीळ.

कृती : काकड्या धुऊन देठाकडचा तुकडा चाखा. कडू असेल तर ती काकडी सरळ टाकून द्या. बाकीच्या पाटावर ठेवून लाटण्याने हलकेच ठोका. तडे गेले की थांबा! मोठ्यांच्या मदतीने बोटभर जाडीचे तुकडे करा. मीठ चोळून 15 मिनिटं चाळणीत ठेवा, मग हलक्या हाताने पिळा. व्हिनेगर, सोया सॉस, साखर आणि ठेचलेला लसूण एकत्र कालवा. साखर विरघळली की काकडीवर ओता. वरून तीळ भुरभुरा आणि लगेच वाढा.

पण ठोकायचं कशाला? सुरीने कापलेल्या गुळगुळीत फोडीवरून रस ओघळून जातो. फुटलेल्या खडबडीत कडा मात्र तो धरून ठेवतात.

चाळणीखाली किती पाणी साठलं, तेही बघा हं. आणि भिंतीवर उडालेले शिंतोडे आई बघायच्या आत पुसून टाका!