‘पोट कधी आत जाणार?’

बाळ झालं की पहिले आठ दिवस सगळे बाळाला बघायला येतात. नवव्या दिवसापासून मात्र आईकडे बघायला लागतात! ‘किती सुटलीयस गं’, ‘अजून पाचवा महिना असल्यासारखी दिसतेस’, ‘जॉइन व्हायच्या आत कमी कर हं’... म्हणणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण ऐकणारीच्या मनात ते घर करून बसतं. ऐश्वर्या राय २०११ मध्ये आई झाली आणि त्यानंतर कित्येक महिने तिच्या बाळापेक्षा तिच्या वजनाचीच चर्चा जास्त झाली. जिथे तिला सोडलं नाही, तिथे हिंजवडीतल्या टीम लीडला कोण सोडणार?

माझ्या एका मैत्रिणीचं माहेर पवनारचं. वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की धाम नदीच्या काठावर लागतं ते, विनोबांच्या आश्रमाचं गाव. पहिलं बाळंतपण म्हणून ती पुण्याहून तिकडे गेली आणि महिनाभरात तिच्या खोलीत दोन पार्ट्या पडल्या. एकीकडे आईचे डिंकाचे लाडू, भातावर तुपाची धार आणि ‘सव्वा महिना पलंगावरून उठायचं नाही’ अशी ऑर्डर. दुसरीकडे मोबाईलमध्ये ‘३० दिवसांत फ्लॅट टमी’चे व्हिडिओ आणि कुणीतरी पाठवलेला १२०० कॅलरींचा डाएट चार्ट. एक दिवस तिने लाडवाची वाटी परत केली, तेव्हा मावशी म्हणाली, ‘काहून वं, एवढी घाई काहून करून राहिली? आधी लेकराले पोटभर पाज ना!’

बरोबर कोण? खरं सांगायचं तर दोन्ही पार्ट्या अर्ध्या-अर्ध्या. कारण बाळंतपणानंतरचं पोट म्हणजे नुसती चरबी, असं दोघींनीही गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात त्या पोटात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि तिघींची घड्याळं वेगवेगळी चालतात.

पहिली गोष्ट गर्भाशय. डिलिव्हरी झाल्या झाल्या त्याचं वजन जवळजवळ एक किलो असतं. साधारण सहा आठवड्यांत ते आकसून शंभर ग्रॅमच्या आत येतं. बाळ दूध प्यायला लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे हार्मोन तयार होतं आणि त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. पहिल्या आठवड्यात पाजताना पोटात कळ येते, ती याचीच. म्हणजे ‘पाजलं की पोट आत जातं’ हे आजीचं म्हणणं इथपर्यंत शंभर टक्के खरं आहे.

दुसरी गोष्ट स्नायू. पोटावरचे दोन उभे स्नायू गरोदरपणात एकमेकांपासून दूर सरकतात आणि त्यांच्यामधला पडदा ताणला जातो. याला डायस्टॅसिस म्हणतात. नॉर्वेमध्ये पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहाव्या आठवड्यात ६० टक्के जणींमध्ये ही फट सापडली. वर्षभरानंतरही ती साधारण ३३ टक्के जणींमध्ये होतीच. गंमत म्हणजे वजन अगदी पूर्वीइतकं झालेल्या बाईचंही पोट या फटीमुळे पुढे दिसू शकतं. मग ती बिचारी जेवण आणखी कमी करते! उपाशी राहून स्नायू जवळ येत नाहीत, उलट कमजोर होतात.

तिसरी गोष्ट, जिच्या नावाने सगळे ओरडतात ती चरबी. नऊ महिन्यांत शरीराने ती साठवली, त्याचं एक कारण पुढे दूध तयार करायचं होतं. ती हळूहळू जाते, पण फक्त पोटावरचीच जाईल अशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही. जाते तेव्हा सगळ्या अंगावरची जाते. आणि हो, नुसतं पाजल्याने ती प्रत्येकीची जातेच असंही नाही. पाजणाऱ्या बाईला भूकही तशीच सडकून लागते.

आता जरा हिशेब करू. आपल्या आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी लागतात. अंगावर पाजत असेल तर पहिले सहा महिने त्यात ६०० ची भर आणि पुढचे सहा महिने ५२० ची. म्हणजे झाल्या २२६०. तो १२०० चा चार्ट म्हणजे जवळजवळ अर्धं जेवण! दूध बहुतेक वेळा तरीही येत राहतं, शरीर बाळाला आधी देतं. बिल मात्र आईच्या नावावर फाटतं. थकवा, चक्कर, केस गळणं, चिडचिड... महाराष्ट्रात आधीच १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायका ॲनिमिक आहेत, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. त्यात असं डाएट म्हणजे रिकाम्या अकाउंटमधून पैसे काढण्यासारखंच.

मग काय, सहा महिने काहीच करायचं नाही? तसंही नाही. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंगावर पाजणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ४० जणी होत्या. त्यातल्या अर्ध्या जणींनी बाळ चार आठवड्यांचं झाल्यावर खाणं थोडं कमी केलं आणि आठवड्यातून चार दिवस ४५ मिनिटं व्यायाम केला. दहा आठवड्यांत त्यांचं वजन आठवड्याला सरासरी अर्धा किलो या वेगाने उतरलं आणि बाळांची वाढ अगदी व्यवस्थित झाली. आठवड्याला अर्धा किलो! तीस दिवसांत दहा किलो नव्हे.

आईच्या लाडवांवर राग काढायचं कारण नाही. डिंक, खारीक, खोबरं, अळीव या सगळ्यात दम आहे. रोज एक लाडू खा, पण चार खाऊन वर झोपून राहू नका. बाकी ताटात नेहमीचं वऱ्हाडी जेवण असू द्या. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, पालेभाजी, जवसाची चटणी, दही, चालत असेल तर अंडं. गोड चहा-बिस्किटांचे राउंड कमी करा, जेवणावर लगेच चहा घेऊ नका, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. आणि सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला सहा महिने लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, त्या उशीखाली ठेवू नका, घ्या!

व्यायामाचा फंडा मात्र पवनारमध्येच सापडतो. प्रकृती पार खालावलेली असताना १९३८ मध्ये विनोबा इथे राहायला आले. थंड हवेच्या ठिकाणी न जाता त्यांनी शेतात कुदळ हातात घेतली. सुरुवातीला अगदी थोडा वेळ, मग रोज थोडी थोडी भर. तब्येत सुधारली. त्यांना वजन वाढवायचं होतं आणि आपल्याला उतरवायचंय, पण शरीर पुन्हा उभं करायची रीत तीच. थोडं, रोज आणि वाढवत.

म्हणजे नेमकं काय? नॉर्मल डिलिव्हरी असेल तर पहिल्या काही दिवसांतच झोपल्या झोपल्या श्वास सोडत पोट हळूच आत घ्यायचं आणि लघवी रोखताना वापरतो ते स्नायू आवळून सोडायचे. मग घरात, अंगणात चालणं. सिझेरियन असेल तर डॉक्टरांना विचारून, टाके सांभाळून. नंतर हळूहळू आठवड्याला १५० मिनिटं भराभर चालण्यापर्यंत जायचं. धावणं पहिले तीन महिने नको. क्रंचेस आणि सिट-अप्सची घाई तर बिलकूल नको. पोटाच्या मध्यावर उंचवटा येत असेल, तर त्यांनी फट आणखी ताणली जाऊ शकते. व्यायामाच्या आधी बाळाला पाजून घ्या, म्हणजे छाती जड वाटणार नाही. व्यायामाने दूध बिघडत नाही, हे सासूबाईंनाही सांगा!

फट आहे की नाही हे घरीच बघता येतं. पाठीवर झोपा, गुडघे वर घ्या, डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटांनी चाचपा. दोन बोटांपेक्षा जास्त अंतर वाटलं, बेंबी फुगलेली दिसली, खोकताना लघवी सुटत असेल किंवा कंबर सतत दुखत असेल तर फिजिओथेरपिस्ट गाठा. सहाव्या आठवड्याची तपासणी चुकवू नका, माहेर खेड्यात असलं तरी. पवनारकरांना तर सेवाग्राम जवळच आहे. १९६९ मध्ये सुरू झालेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं मेडिकल कॉलेज आणि कस्तुरबा रुग्णालय तिथेच आहे.

आणि पोटाला बांधायचा तो पट्टा? सिझेरियननंतर उठता-बसताना आधार म्हणून ठीक, पण चरबी त्याने वितळत नाही. करकचून बांधला तर खालच्या स्नायूंवर दाब येतो तो वेगळाच. डिटॉक्स टी आणि फॅट बर्नर गोळ्यांना तर अंगावर पाजत असेपर्यंत सरळ नो एन्ट्री.

आता प्रश्न उरतो ऑफिसचा. बाळंतपणाची रजा २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी १२ वरून २६ आठवडे झाली. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन नर्सिंग ब्रेक हा कायद्याने दिलेला हक्क आहे. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि तिथे दिवसातून चार वेळा जायची मुभाही. पण रजा संपत आली की आपण एचआरला पाळणाघर कुठे आहे हे विचारत नाही, आरशाला पोट कुठे आहे हे विचारतो. मग फॉर्मल पँट बसावी म्हणून डबा अर्धा आणि ब्रेक घ्यायला लाज वाटते म्हणून पाजणंही अर्धं.

नऊ महिन्यांत ताणलेल्या पोटाला निदान नऊ महिने तरी द्या. तोवर एक साइझ मोठी पँट घ्या, ती काही गुन्हा नाही. आणि तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये कुणी रजेवरून परत येणार असेल, तर ‘कमी झालीस का गं?’ विचारू नका. ‘तुझ्या फीडिंग ब्रेकच्या वेळेत मीटिंग ठेवत नाही, चालेल ना?’ एवढं विचारा. तिचं निम्मं ओझं तिथेच उतरेल!