मरणाला भरपाई, उपचाराला नाही

ऐन डवरणीच्या दिवसांत बैलाची लघवी तुंबली, तर महागाव तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी त्या रात्री कोणाला धड झोप लागत नाही. जनावर सारखे उठते-बसते, पाठीची कमान करते, वैरणीला तोंड लावीत नाही. कारण बहुधा मूतखड्याचे असते. बैलाचा मूत्रमार्ग लांब, अरुंद आणि मध्येच वळण घेतलेला असल्याने खडा तेथे अडकून बसतो. दोन-तीन दिवसांत शस्त्रक्रिया होऊन वाट मोकळी झाली नाही, तर मूत्राशय फुटते आणि मग हाती काही उरत नाही. शस्त्रक्रिया तशी असाध्य नव्हे. जागेपुरती भूल देऊन ती करता येते. प्रश्न असतो तो डॉक्टर, वाहन आणि पैसा या तीन गोष्टी त्या दोन-तीन दिवसांच्या आत एकत्र येण्याचा.

हा खर्च करावा की करू नये, याचा निर्णय ते कुटुंब कसे घेते, याचा विचार अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो. पुस्तकाच्या हिशेबाने बैल हे भांडवल. दुरुस्तीचा खर्च उरलेल्या उपयुक्ततेहून अधिक झाला की भांडवल बदलावे. परंतु या भांडवलाला नाव असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे तूप-हळदीने मळले जातात, दुसऱ्या दिवशी झडत्यांच्या गजरात तो तोरणाखाली उभा राहतो आणि घरची लक्ष्मी त्याला ओवाळून पुरणपोळीचा घास भरविते. शहरातील कुटुंबाला आपल्या कुत्र्याविषयी जी माया वाटते, तीच ही माया. फरक इतकाच की येथे मायेच्या पाठीवर घराचे पोटही लादलेले असते. कपाशी आणि सोयाबीनच्या ओळींतून डवरा फिरविण्याचे काम ट्रॅक्टरने सर्वत्र सोयीने होत नाही. एक बैल बसला की जोडी मोडते, दुसरा उभ्याउभ्या निरुपयोगी होतो, आणि नवी जोडी घ्यावयाची तर रक्कम लाखाच्या घरात जाते. तेव्हा भावना आणि हिशेब येथे परस्परांविरुद्ध नाहीत. दोन्ही एकच सांगतात, की जनावर वाचवावे. तरीही ते वाचत नाही, याचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

पहिले कारण अंतराचे. पशुरोगांचे निवारण व पशुवैद्यक हे विषय राज्यघटनेने राज्यांकडे सोपविले आहेत. महाराष्ट्रात पशुवैद्यकीय दवाखान्यांची श्रेणी एक आणि श्रेणी दोन अशी विभागणी दीर्घकाळ चालत आली. पहिल्यांत पदवीधर पशुधन विकास अधिकारी, तर दुसऱ्यांत पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पूर्ण व्यवसायाचा अधिकार नोंदणीकृत पदवीधरांनाच आहे. पदविकाधारकांना किरकोळ सेवा, त्याही देखरेखीखाली, देता येतात. हा नियम रास्तच आहे. पण त्याचा अर्थ असा की गावाजवळ दवाखान्याची पाटी दिसली, म्हणून तेथे पोट वा मूत्रमार्ग उघडण्याची सोय असेलच असे नाही. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये दर पाच हजार पशुएककांमागे एक पशुवैद्यक असावा, अशी शिफारस केली होती. पुढे केंद्राने फिरत्या पशुचिकित्सा पथकांची योजना आणली, तेव्हा प्रमाण धरले ते एक लाख जनावरांमागे एक वाहन असे. १९६२ हा दूरध्वनी क्रमांक फिरवावा आणि पथक दारी यावे, ही कल्पना चांगलीच आहे, आणि साध्या आजारांत ती उपयोगीही पडते. मोठ्या शस्त्रक्रियेला मात्र शल्यकक्ष, उचलण्याची सोय आणि नंतरची शुश्रूषा लागते. ती पशुवैद्यक महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आहे; म्हणजे महागावकरांसाठी नागपूर, परभणी किंवा अकोला. नागपूर तर दोनशे किलोमीटरांहून अधिक. तडफडणारा बैल वाहनात चढवून इतक्या दूर न्यावयाचा, सोबत दोन माणसे, त्यांची मजुरी बुडालेली. सरकारी सेवाशुल्क नाममात्र असले तरी सलाईन, टाके, प्रतिजैविके बाहेरून आणण्याची वेळ आली की तो खर्च निराळाच.

दुसरे कारण अधिक विचार करावयास लावणारे आहे. या प्रसंगी सरकारचा पैसा कोठे मिळतो, हे पाहू गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. जनावर मेले तर पैसा आहे; आजारी असेल तर नाही. वीज पडून किंवा पुरात बैल दगावला तर आपत्ती निवारणाच्या २०२२ पासूनच्या निकषांप्रमाणे ३२,००० रुपये, दुभती गाय किंवा म्हैस असेल तर ३७,५०० रुपये. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ आली, तेव्हा राज्य शासनाने मृत गाईमागे ३०,०००, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये देऊ केले. पशुविम्याचेही तेच. केंद्राने २०२४ मध्ये लाभार्थ्याचा हप्त्यातील वाटा १५ टक्क्यांवर आणला, ही सवलत स्वागतार्ह होय. पण पॉलिसी मूलतः मृत्यूची आहे. शस्त्रक्रिया चालू असताना जनावर मेले तर दावा चालतो. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, जनावर उठून उभे राहिले, तर त्या खर्चातील एक रुपयाही विमा कंपनी देत नाही. म्हणजे ज्या कुटुंबाने कर्ज काढून कंपनीचा दावा वाचविला, त्याला काही नाही. आणि ज्याने हात जोडून वाट पाहिली, त्याला कानातला बिल्ला व शवविच्छेदनाचा दाखला दाखवून भरपाई. शेतकरी असा हिशेब सहसा करीत नाही, हे त्याच्या मायेचे श्रेय आहे, योजनेचे नव्हे.

उलट शहरांत पाहावे. मुंबईच्या परळ भागात १८८० च्या दशकात दिनशा पेटिट यांच्या देणगीतून जनावरांचे इस्पितळ उभे राहिले, ते आजही चालू आहे. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा न्यासांच्या पुढाकाराने लहान प्राण्यांसाठी पाच मजली रुग्णालय सुरू झाले. गेल्या काही वर्षांत खासगी कंपन्यांनी पाळीव कुत्र्यांसाठी शस्त्रक्रियेचा आणि दवाखान्याचा खर्च देणारे विमेही बाजारात आणले आहेत. शहरी मध्यमवर्गीयाला कुत्र्याच्या शस्त्रक्रियेचा आकडा ऐकून घाम फुटतो, ही गोष्ट खरी, आणि त्याची हेटाळणी करण्याचे कारण नाही. तथापि त्याच्यासाठी निदान विम्याचा एक नमुना सिद्ध झाला आहे. कुत्र्याच्या उपचाराची जोखीम मोजता येते, तर बैलाची का मोजता येऊ नये? लबाडीचे दावे होतील, ही शंका खोटी नाही. परंतु मृत्यूच्या दाव्यांतही लबाडी होतेच, आणि शस्त्रक्रियेला तर सरकारी डॉक्टरच साक्षी असतो.

कर्जाची वाटही सरळ नाही. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून पशुपालनालाही लागू झाली आणि त्यातील खेळत्या भांडवलात पशुवैद्यकीय खर्च धरला जातो. कागदावर ही तरतूद उत्तम. मात्र बँकेत प्रकरण होण्यास जितके दिवस लागतात, तितके दिवस तुंबलेले मूत्राशय थांबत नाही. रात्रीच्या रात्री पैसा देणारा गावात एकच असतो, आणि त्याच्या व्याजाचा दर वर्तमानपत्रांत छापून येत नाही.

यात आणखी एक पदर आहे, आणि तो टाळून चर्चा पुरी होणार नाही. गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा राज्यात २०१५ मध्ये अमलात आला. त्याच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद आहेत, ते बाजूस ठेवू. आर्थिक परिणाम मात्र उघड आहे: जायबंदी बैलाला पूर्वी बाजारात जी अखेरची किंमत येत असे, ती गेली. पूर्वी ती रक्कम नव्या बैलाच्या खरेदीत थोडीबहुत भर घालीत असे. समाजाने बैलाचे जीवित मोलाचे ठरविले, तर त्या मोलाचा काही भार समाजाने उचलावा, हे तर्काला धरून आहे. राज्याने तो अंशतः उचललाही. २०२४ मध्ये गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज ५० रुपयांचे अनुदान मान्य झाले. पण ते गोशाळेला, गोठ्याला नव्हे. जनावर मालकाने सोडून दिले की अनुदानास पात्र, मालकाने उराशी धरले की अपात्र.

लम्पीच्या साथीत राज्याने लस मोफत दिली, पथके गोठ्यापर्यंत पोचविली. यंत्रणा हलू शकते, हे त्या वेळी दिसले. माणसांसाठी तर २०१२ पासून राजीव गांधींच्या आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने रोकडविरहित शस्त्रक्रियांची योजना राज्यात चालू आहेच. विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये ३,७५० कोटींचे पंतप्रधान पॅकेज आले, त्यात यवतमाळही होते आणि पशुधनाचा विचारही होता. नवी जनावरे देण्याची भाषा तेव्हा बरीच झाली. गोठ्यात असलेले जनावर वाचविणे नवे देण्याहून स्वस्त पडते, हे सांगावयास अर्थतज्ज्ञ नको. तालुक्याच्या ठिकाणी एक सुसज्ज शल्यकक्ष, आळीपाळीने रात्रपाळी करणारे दोन पदवीधर, जनावर चढविता येईल असे वाहन, आणि विम्याच्या हप्त्यात थोडी भर घालून शस्त्रक्रियेच्या खर्चाचे कलम: या मागण्या अवाढव्य नाहीत. यांपैकी शेवटच्या मागणीला तर नवी इमारतही लागत नाही. पॉलिसीच्या मसुद्यात एक परिच्छेद वाढवावा लागतो.