सॅक घेताना आधी पाठ मोजा

ट्रेकिंगच्या सॅक दुरुस्त करणं हा माझा धंदा. पुण्यात पेठेतल्या एका बोळात माझं मशीन आहे आणि पावसाळा तोंडावर आला की तिथं सॅकांचा ढीग लागतो. गिऱ्हाईक येतं ते बहुधा एकच तक्रार घेऊन, "काका, शिवण कच्ची निघाली." फाटलेली जागाही बहुधा एकच असते : खांद्याचा पट्टा पाठीला वर जिथं जोडलेला असतो, तिथली. मग मी कमरपट्टा हातात घेतो. त्यातला फोम नव्यासारखा टणक, बकलावर ओरखडा नाही, पट्टीला घडी पडलेली नाही. म्हणजे हा पट्टा कधी बांधलेलाच नाही. १८ किलो ओझं दोन खांद्यांना लटकवून गडी रतनगडाहून हरिश्चंद्रगडापर्यंत चालत गेलेला असतो. त्यात शिवणीचा काय दोष?

सॅक घ्यायची म्हटलं की दुकानात पहिला प्रश्न होतो, किती लिटरची? लिटरवरून आत काय मावेल ते कळतं, ओझं कशाच्या आधारानं उचललं जाणार ते कळत नाही. ६० लिटरच्या सॅकमध्ये स्लीपिंग बॅग आणि कपडे भरले तर आठ-नऊ किलो होतील. त्याच सॅकमध्ये चढाईचं सामान भरा. ६० मीटरचा दोर एकटाच चार किलोच्या आसपास जातो. वर कॅराबिनर, मेखा, हातोडा. आणि पाणी लिटरमागे एक किलो. एप्रिलमध्ये सुळक्यांच्या मोहिमेला निघालेली मंडळी पाणी पायथ्यापासून वाहतात, कारण वरची टाकी तोवर आटलेली असतात. २५ किलो कधी झाले ते कळतही नाही. सॅक तीच, लिटर तेच. म्हणून माझं म्हणणं असं की जड वाहायचं असेल तर आधी पाठ मोजा, मग कमरपट्टा आणि आतली चौकट बघा. लिटर, रंग आणि खिसे शेवटी.

पाठ मोजायला शिंप्याची टेप पुरते. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. टेपचं एक टोक तिथं धरायचं. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवले की अंगठे मागे ज्या रेषेत येतात, तिथं दुसरं टोक. मधलं अंतर म्हणजे तुमच्या पाठीची लांबी. ती उंचीवरून ठरत नाही. सहा फुटी माणसाचे पाय लांब आणि पाठ आखूड असू शकते, आणि त्याच्या खांद्यापर्यंत येणाऱ्या बहिणीला त्याच मापाची सॅक बसू शकते. सॅक पाठीपेक्षा लांब असली की कमरपट्टा हाडाखाली घसरतो, आखूड असली की पोटावर चढतो. दोन्हीकडून ओझं परत खांद्यावर येतं. मग माणूस वैतागून पट्टा सोडून देतो आणि 'हे सगळं दिखाऊ असतं' असं मित्रांना सांगत सुटतो.

पट्ट्याच्या गाद्या कमरेच्या हाडाच्या वरच्या काठावर बसायला हव्यात. सॅक चढवल्यावर पहिल्यांदा कमरपट्टा आवळायचा, नंतर खांद्याचे पट्टे, आणि सगळ्यात शेवटी खांद्यावरून सॅककडे जाणाऱ्या त्या दोन बारीक पट्ट्या, ज्यांना लोक शोभेच्या समजतात. जड वस्तू पाठीला चिकटून, दोन खांद्यांच्या मधल्या भागात. नीट बसलेल्या सॅकमध्ये बहुतेक ओझं कंबर आणि पाय उचलतात, खांदे फक्त सॅक मागे कलू देत नाहीत.

हा नुसता आरामाचा प्रश्न असता तर मी वर्तमानपत्रात लिहीत बसलो नसतो. खांद्याच्या पट्ट्याखालून हाताकडे जाणारे मज्जातंतू असतात. तासन् तास तिथं जड दाब राहिला की बोटांना मुंग्या येतात, मग हात बधिर होतो आणि काही वेळा खांद्यातून वर उचलेनासा होतो. सैनिकांमध्ये आणि गिर्यारोहकांमध्ये हे इतकं दिसलं आहे की डॉक्टरांनी त्याला 'रकसॅक पाल्सी' असं नावच दिलं आहे. ट्रेकहून आल्यावर "हात जरा जड वाटतोय" म्हणणाऱ्याला मी सॅक नंतर दाखव, आधी डॉक्टर गाठ, असं सांगतो.

कमरेवर ओझं घेण्याची युक्ती आजच्या रूपात फार जुनी नाही. अमेरिकेत डिक केल्टी नावाचा सुतार होता. त्या काळच्या सॅकांना लाकडी चौकट असे आणि सगळा भार खांद्यांवर येई. डोंगरात चालताना त्यानं आणि त्याच्या मित्रानं चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचून पाहिली, आणि खांदे एकदम मोकळे झाले. यातूनच पुढं कमरपट्ट्याची कल्पना निघाली. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात घरच्या घरी त्यानं ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकायला सुरुवात केली. चौकटी तो वाकवी आणि कापड त्याची बायको नीना शिवी. १९६३ च्या अमेरिकी एव्हरेस्ट मोहिमेत केल्टीच्याच सॅक होत्या. सगळीकडे नाव डिकचं. मला मात्र नीनाबाईंना विचारायचं होतं की त्या जाड नायलॉनला घरच्या मशीनवर सुई कुठली लावलीत?

पुढं चौकट सॅकच्या आत गेली आणि सॅक देखण्या झाल्या. बाहेरची चौकट ज्यांना खऱ्या अर्थानं लागते त्यांनी ती सोडली नाही, आणि त्यात अमेरिकेतले शिकारी पुढे आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे हौशी शिकारीचा प्रश्न राहिला नाही, आणि तेच बरं. पण कोलोरॅडोत नोकरी करणाऱ्या एका गिऱ्हाइकानं सुट्टीवर येताना तिकडची शिकाऱ्याची सॅक दुरुस्तीला आणली, तेव्हा मी ती टाका न् टाका बघून घेतली. तिकडच्या शिकाऱ्यांचा प्रश्न असा : एल्क हे सांबरापेक्षा थोराड हरीण. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांसच ८०-१०० किलोच्या घरात जातं, आणि गाडी बरेच किलोमीटर लांब उभी असते. फेऱ्या माराव्याच लागतात. अलास्कात तर खाण्याजोगं सगळं मांस जागेवरून हलवल्याखेरीज शिंगं नेता येत नाहीत, असा कायदा आहे. शिंगं मिरवायची आणि मांस कुजायला टाकायचं, हे चालत नाही.

म्हणून जाताना ही सॅक चपटी, हलकी. येताना तिची पिशवी चौकटीपासून सैल करतात आणि मांसाची सुती गाठोडी चौकट आणि पिशवी यांच्या मध्ये, अगदी पाठीला लागून, वरच्या अंगाला आवळून बांधतात. कापड सुती अशासाठी की प्लास्टिकमध्ये मांस घुसमटून खराब होतं. ओझं मध्ये, पिशवी बाहेर. हे बघून मला वाटलं, आपल्या चढाईवाल्यांना नेमकं हेच हवं. दोर, पाण्याचा कॅन, एखाद्या जखमी सोबत्याचं सामान, असलं काही पिशवीत कोंबण्यापेक्षा चौकटीला बांधलेलं चांगलं.

अशी सॅक रिकामीच अडीच-तीन किलोंची असते. यावर आजची पोरं नाक मुरडतात. त्यांना किलोभराची सॅक हवी. दहा किलोच्या आत वाहणार असाल तर जरूर घ्या, मीही तीच सुचवीन. पण २५ किलो वाहायचे आणि चौकटीचे दोन किलो वाचवायचे, हा हिशेब मला कधी पटलेला नाही. वाचलेले दोन किलो खांदे फेडतात.

दुकानात सॅक घालून बघायची ती कागद भरलेली नको. घरून दहा किलो तांदूळ आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन जा, भरा, आणि अर्धा तास जिन्यावरून चढ-उतार करा. दुकानदार नाराज होईल. होऊ द्या. तेवढ्यात कमरेच्या हाडावर कुठं टोचतंय ते कळतं. चेनपेक्षा पट्ट्यांच्या जोडावर जास्त लक्ष द्या : तिथं आडवे दाट टाके, ज्याला आम्ही बारटॅक म्हणतो, दिसले पाहिजेत. आणि पावसाळ्यानंतर सॅक ओली गुंडाळून माळ्यावर टाकू नका. आतला पाणी अडवणारा पीयूचा थर दमटपणानं चिकट होऊन सोलपटतो आणि त्याला माझ्याकडे औषध नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. उत्तम मापाची, उत्तम चौकटीची सॅक कोणाच्या पाठीवर असते? कॅमेरा आणि जॅकेट वाहणाऱ्याच्या. तंबू, भांडी, सिलिंडर वाहणारा गावातला पोरगा किंवा हिमालयातला पोर्टर कमरपट्टा तुटलेली जुनी सॅक घालतो, नाहीतर डफल बॅग नायलॉनच्या दोरीनं खांद्याला बांधतो. "त्यांना सवय असते" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे! नेपाळी भारवाहकांचा अभ्यास २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. पुरुष सरासरी आपल्या वजनाच्या ९३ टक्के ओझं वाहत होते आणि तेही तोवर अभ्यासलेल्या इतर लोकांपेक्षा कमी ताकद खर्चून. खरं आहे. पण ते कपाळावरच्या पट्ट्यानं, स्वतःच्या पद्धतीच्या 'डोको' नावाच्या टोपलीत, स्वतःच्या चालीनं वाहतात. तुमची डफल दोरीनं बांधून नव्हे. पोर्टरांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटानं नेपाळसाठी ३० किलोंची आणि किलिमांजारोसाठी २० किलोंची मर्यादा सांगितली आहे. आपल्या किती आयोजकांच्या माहितीपत्रकात पोर्टरच्या ओझ्याचा आकडा असतो?

गिऱ्हाइकांसाठी मात्र त्याच पत्रकात '५५ ते ६० लिटरची सॅक आणावी' असं ठळक छापलेलं असतं. त्याखाली एक ओळ वाढवा : पोर्टरला चौकटीची सॅक आम्ही देऊ, ओझं इतक्या किलोंच्या वर नाही. खर्च फार येत नाही. माझ्याकडे टाकून दिलेल्या सॅकांच्या धड चौकटी पडून आहेत, कमरपट्टे मी नवे शिवतो. आयोजकांनी फक्त त्या माणसांच्या पाठीची मापं आणावीत, वर सांगितलं तशी, सेंटीमीटरमध्ये. आणि मे संपायच्या आत आणावीत, नंतर माझ्याकडे उभं राहायला जागा नसते.