सिस्टर निलंबित झाली, धोका तिथेच राहिला

दवाखान्यात चुकीचं इंजेक्शन गेलं, रुग्ण दगावला, की वस्तीत पहिला प्रश्न येतो, "कोणी दिलं?" नातेवाइकांचा संताप रास्तच असतो. चौकशी बसते, ड्युटीवरची सिस्टर निलंबित होते, प्रकरण मिटतं. ती सिस्टर पुष्कळदा कंत्राटी असते, कधी आपल्याच वस्तीतली लेक असते. पण चूक ज्यामुळे घडली ते कारण वॉर्डात तसंच राहतं आणि त्याच खाटेवर पुढचा रुग्ण येतो.

पोटॅशियम क्लोराइडचं उदाहरण घ्या. हे औषध सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायचं असतं. न मिसळता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. त्याची कुपी आणि इंजेक्शनच्या पाण्याची कुपी दिसायला सारखी, दोन्ही एकाच ट्रेमध्ये, रात्रीचे तीन वाजलेले, उजेड कमी, भरलेल्या वॉर्डाला एकच सिस्टर. इथे हुशार माणसाचाही हात चुकू शकतो. 'लक्ष देऊन काम करा' असं परिपत्रक काढून उपयोग नाही. कुपी वेगळ्या कपाटात ठेवली, ठळक चिठ्ठी लावली, देण्याआधी दुसऱ्याने नाव वाचून पाहिलं, तर धोका कमी होतो.

माणूस थकतो, विसरतो, घाबरतो हे गृहीत धरून कामाची, साधनांची, जागेची मांडणी करायची, या विद्येला ह्युमन फॅक्टर्स म्हणतात. विमान चालवणारे ती कित्येक वर्षं शिकत आले आहेत. प्रत्येक नर्सिंग आणि मेडिकल कॉलेजात ती शिकवलीच पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे.

इंग्लंडमध्ये २००५ साली मार्टिन ब्रोमिली या वैमानिकाची पत्नी साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना. अनुभवी डॉक्टर पुन्हा पुन्हा तोच प्रयत्न करत राहिले. गळ्याला छेद देऊन श्वास सुरू करण्याचं साहित्य एका नर्सने आणून ठेवलं होतं. काय करायला हवं हे नर्सना कळत होतं, पण मोठ्या डॉक्टरांना ते कसं सांगावं हे कळेना. ती बाई वाचली नाही. ब्रोमिलींनी कोणाचा बळी मागितला नाही. २००७ साली ही विद्या दवाखान्यांत नेणारी संस्था उभी केली. खालच्याने वरच्याला बोलायचं नाही, ही उतरंड जीव कशी घेते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या वेळी मोठ्याने वाचायची १९ मुद्द्यांची यादी केली. त्यात प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे धोकाही बोलून दाखवतो. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरली, तेव्हा हजार शस्त्रक्रियांमागे मृत्यू १५ वरून ८ वर आले. पण यादी म्हणजे जादू नव्हे. उत्तर प्रदेशात बाळंतपणासाठी अशीच यादी वापरून पाहिली. कामाच्या सवयी सुधारल्या, मृत्यू मात्र घटले नाहीत, असं २०१७ साली दिसलं. आमच्या मते यादीबरोबर पुरेशी माणसं, औषधं आणि साधनंही लागतात.

याचा अर्थ सगळ्यांना माफी असा नाही. पैशासाठी अडवणारा, नोंदी खोट्या करणारा, हाक मारूनही न येणारा शिक्षेला पात्रच आहे. पण थकलेल्या सिस्टरला आणि त्याला एकाच तराजूत तोलू नका. शिक्षेच्या भीतीने चूक लपवली जाते आणि लपवलेली चूक पुन्हा घडते.

आपणही काही करू शकतो. इंजेक्शनआधी रुग्णाचं पूर्ण नाव सांगा, "हे कशाचं?" असं विचारा. पूर्वी कुठल्या औषधाने त्रास झाला असेल तर दर वेळी सांगा. ऑपरेशनआधी कोणती बाजू आहे हे सगळ्यांसमोर बोलून घ्या. १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन. त्या दिवशी वस्तीतल्या चार बाया-माणसांनी सरकारी दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीला तीन प्रश्न लेखी द्यावेत: रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात? धोक्याच्या औषधांचं कपाट वेगळं आहे का? ऑपरेशनआधी यादी वाचली जाते का? उत्तरही लेखीच मागा.