चाळिशीचे ताट, सत्तरीची स्मृती

आयसीएमआर-इंडियाब सर्वेक्षणाच्या २०२३ मधील अहवालात मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल हृदयाप्रमाणेच मेंदूच्या रक्तवाहिन्यांचीही हानी करतात. ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या १४ टाळण्याजोग्या जोखमींत या तिन्हींचा समावेश केला. मध्यमवयातील कोलेस्टेरॉलची भर त्याच वर्षी पडली.

कडधान्यांचे तोणाक आणि ताजी मासळी हितकारकच. घात होतो तो मैद्याचा पाव, तळण आणि मिठामुळे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ सुचवते. खारवलेली मासळी व लोणचे यांमुळे ही मर्यादा सहज ओलांडली जाते. विस्मरणग्रस्त ज्येष्ठांच्या शुश्रूषेचा भार अखेर कुटुंबांवरच पडतो. म्हणून आहारविषयक समुपदेशन हा चाळिशीतील आरोग्य तपासणीचा अनिवार्य भाग व्हायला हवा.