घोडा देतो, लगाम तुम्ही धरा

चाळीसगावची गोष्ट आपल्या व्याख्यानांत नेहमी येते आणि नेहमी अर्धीच येते. टांगेवाल्याने बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला, टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला. सभागृह हळहळतं, वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी हे प्रकरण स्वतः लिहून ठेवलं आहे, ते एकदा नीट वाचा. तिथे नुसता नकार नाही. तिथे एक सौदा आहे. आमचं आजचं भांडण त्या सौद्याशी आहे.

साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सभासद होते. धुळ्याकडे एका बहिष्काराची चौकशी करून परतताना ते चाळीसगावला उतरले, कारण स्टेशनवर जमलेल्या आपल्या माणसांनी रात्रभर मुक्कामाचा आग्रह धरला. महारवाडा स्टेशनपासून सुमारे दोन मैलांवर, नदीपलीकडे. स्टेशनवर टांगे उभे होते, तरी बाबासाहेबांना तासभर ताटकळावं लागलं. मग एक टांगा आला. आत फक्त बाबासाहेब आणि हाकणारा. बाकीचे जवळच्या वाटेने पायी निघाले. थोडं पुढे गेल्यावर मोटारीशी टक्कर होता होता वाचली. नदीवरच्या मोरीला कठडा नव्हता, कडेला अंतराअंतरावर दगड बसवलेले होते. तिथे घोडा उधळला, चाक दगडाला अडकलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासकट टांगा नदीत गेला.

त्या तासाभरात काय झालं होतं? टांगेवाले म्हणत होते, महाराला बसवून टांगा हाकणं आमच्या इभ्रतीला शोभत नाही. आपली माणसं म्हणत होती, आमचे साहेब पायी जाणार नाहीत. शेवटी तोडगा निघाला. टांगा भाड्याने मिळेल, घोडा मिळेल, पैसे पूर्ण घेतले जातील, पण हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपल्यात टांगा हाकता येणारा एकही नव्हता. एकजण ‘त्यात काय मोठंसं’ म्हणून बसला आणि लगाम हातात आल्यावर घाबरला. मानासाठी जीव धोक्यात घातला गेला, हे बाबासाहेबांनी लिहिलं आहे, आणि आपल्या माणसांची ही चूकही त्यांनी झाकलेली नाही. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही टांगेवाला स्वतःला वरचा समजू शकतो, हे त्या दिवशी कळलं असंही ते नोंदवतात.

याच पुस्तकात त्याआधीची एक आठवण आहे. १९०१ च्या सुमाराची. वडिलांकडे निघालेली पोरं मसूर स्टेशनवर अडकली. गाडीवान तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी पोरांनी हाकायची, तो बाजूने चालणार या अटीवर. दोन प्रसंगांत सुमारे अठ्ठावीस वर्षांचं अंतर. अट तीच. जनावर तुम्हाला देतो, पैसे तुमचे घेतो, जबाबदारी मात्र सगळी तुमची.

आता आम्ही आमची लाज सांगतो.

मराठवाड्यातल्या एका गावात आपल्या समाजातल्या मुलाचा मंगलपरिणय होता. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याच्या वडिलांची एकच इच्छा होती: पोराची वरात गावाच्या मुख्य रस्त्याने, पारावरून, घोडीवर विहारापर्यंत जावी. आजवर ती कधी गेली नव्हती. कुणी बंदी घातली होती का? तसं कुणी म्हणत नाही. ‘तशी पद्धत नाही’ एवढंच म्हणतात. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही रूढी आणि सामाजिक नियंत्रण यांच्या व्याख्या पाठ केल्या, पण ‘तशी पद्धत नाही’ या तीन शब्दांत ते सगळं मावतं हे गावात कळलं.

आम्ही तीन कार्यकर्ते तालुक्याच्या गावी जाऊन घोडी ठरवून आलो. घोडेवाला गरीब माणूस. दोन घोड्या, एक मोतद्दार पोरगा आणि लग्नसराईचे तीन-चार महिने, एवढ्यावर वर्षभराचं पोट. विसार दिला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. गावातून कुणीतरी त्याला ‘समजावलं’ होतं. तो नाही म्हणाला नाही. म्हणाला, “दादा, घोडी घेऊन जा. पण माझा पोरगा यायचा नाही. पाच हजार ठेवून जा, आणि जनावराला काही झालं तर भरपाई तुमच्याकडं.”

आम्ही हे विजय म्हणून घेतलं! घोडी मिळाली, बस्स. मोबाईलवर फोटो टाकले, खाली निळे झेंडे आणि निळी हृदयं. पोलिस ठाण्यात अर्ज दिलेला होताच, दोन शिपाई आले. लगाम कुणी धरायचा? नवरदेवाच्या चुलतभावाने. तो बांधकामावर गवंडी. लहानपणी बैल राखले होते, म्हणजे घोडीही राखेल, असा आमचा हिशेब.

वरात पारावरून गेली. एक दगड आला नाही, एक शिवी आली नाही. विहाराच्या वळणावर डीजेचा दणका वाढला आणि कुणा उत्साही पोराने फटाक्यांची माळ लावली. घोडी दोन पायांवर उभी राहिली. चुलतभावाने लगाम खालून ओढायच्या ऐवजी हातच सोडला. नवरदेव पडला, मनगट मोडलं. घोडीचा पुढचा पाय गटाराच्या फुटक्या झाकणात जाऊन फाटला. गाव कट्ट्यावर बसून बघत होतं. गावाला काही करावंच लागलं नाही.

नंतरचं जास्त वाईट आहे. ‘यांना घोडं झेपत नाही’ हा गावात वर्षभराचा विनोद झाला. जनावरांच्या डॉक्टरचा खर्च कुणी द्यायचा यावर आमच्यातच वाद. शेवटी नवरदेवाच्या बापाने दिला, ज्याने आधीच मंडपासाठी कर्ज काढलं होतं. घोडेवाल्याची पुढची तीन लग्नं त्या बाजूच्या लोकांनी रद्द केली, ‘यांना घोडी दिलीस ना’ म्हणून. तो आम्हाला फोन करत राहिला. आम्ही तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात शिबिरात समतेवर बोलत होतो.

चाळीसगावचा सौदा शहाण्णव पानी वहीत उतरवून घ्यावा तसा आम्ही पुन्हा केला होता. तिथे निदान आपली माणसं शिकलेली नव्हती.

काही मित्र म्हणतील, हे महाराष्ट्राचं दुखणं नाही, गुजरात-राजस्थानचं बोला. बोलू. २०१८ च्या मार्चमध्ये भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावात एकवीस वर्षांच्या दलित तरुणाचा खून झाला. त्याने घोडा पाळला होता आणि तो त्यावर बसायचा, म्हणून खून झाला असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं. मध्य प्रदेशात रतलाम जिल्ह्यात २०१५ साली नवरदेवाला दगडांपासून वाचवायला हेल्मेट घालून घोडीवर बसवावं लागलं. राजस्थानात बुंदी जिल्ह्याच्या पोलिसांना दलित नवरदेवांना घोडीवर बसता यावं म्हणून ‘ऑपरेशन समानता’ नावाची मोहीम काढावी लागली. तिथे दगड आहे, रक्त आहे, म्हणून बातमी होते. आपल्याकडे दगड न मारता काम होतं आणि आपण स्वतःला पुरोगामी म्हणवून घेतो.

कायद्याचं थोडं बोलणं भाग आहे, कारण आपली पोरं ‘ॲट्रॉसिटी’ हा एकच शब्द धरून बसतात. २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, कलम ३(१)(झेडए) मध्ये, लग्नाची वरात काढण्यास किंवा वरातीत घोड्यावर बसण्यास अडथळा आणणं हा गुन्हा स्पष्ट शब्दांत आला. २६ जानेवारी २०१६ पासून तो लागू आहे. किमान सहा महिने, कमाल पाच वर्षं. हे बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ६. अस्पृश्यतेच्या कारणाने माल विकायला किंवा सेवा द्यायला नकार देणं गुन्हा, एवढंच ते म्हणत नाही. इतर गिऱ्हाइकांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी आणि ज्या अटींवर सेवा दिली जाते त्याच अटींवर ती न देणं हाही गुन्हा आहे, असं ते म्हणतं. त्याच अटींवर! इतरांच्या वरातीला मोतद्दार जातो आणि आपल्या वरातीला नुसती घोडी येते, तर चाळीसगावचा तोडगा १९५५ पासून या देशात बेकायदेशीर आहे. आणि कलम १० प्रमाणे चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा.

आमच्या दृष्टीने खरं माणूस तिथे आहे. फोन करून ‘समजावणारा’. घोडेवाल्यावर गुन्हा नोंदवून आपण काय मिळवणार? तो बहुतेक वेळा आपल्यासारखाच पोटासाठी गावावर टेकलेला, कुठे मुसलमान, कुठे भटक्या जमातीतला. त्याच्या हातातला लगाम काढून घेतला गेला आहे, तो त्याने टाकलेला नाही. जातीची कमाल हीच, की ती स्वतः पारावर बसून राहते आणि भांडण दोन गरिबांत लावून देते. आपल्या संतापाला सोपं गिऱ्हाईक म्हणून घोडेवाला मिळतो आणि फोन करणारा मोकळा सुटतो. त्या लग्नात आम्ही फोन कुणी केला हे विचारायचीही तसदी घेतली नव्हती.

आता आपल्या घरातला आक्षेप. ज्येष्ठ कार्यकर्ते आम्हाला म्हणाले, बौद्ध लग्नात घोडा हवाच कशाला? बावीस प्रतिज्ञा घेतल्या, पांढरे कपडे घातले, त्रिशरण-पंचशील झालं, संपलं. आणि विद्यापीठातले मित्र श्रीनिवासांचं ‘संस्कृतीकरण’ काढतात: खालच्यांनी वरच्यांची नक्कल केली. हा दुसरा आक्षेप आम्हाला कधीच पटला नाही. नक्कल करणाऱ्याला वरच्यासारखं दिसायचं असतं. पारावरून जाणाऱ्या त्या बापाला पाटलासारखं दिसायचं नव्हतं, त्याला सार्वजनिक रस्ता आपलाही आहे हे बघायचं होतं. महाडला १९२७ साली माणसं तहान लागली म्हणून गेली नव्हती. चवदार तळ्याचं पाणी प्यायल्याने कुणी पाटील झाला नाही.

पहिला आक्षेप मात्र आम्हाला अर्धा मान्य आहे. आम्हाला स्वतःला लग्नातला घोडा आवडत नाही. कर्ज काढून वरात, तीन तास डीजेच्या भिंतीपुढे उन्हात उभं ठेवलेलं मुकं जनावर, त्यात आम्हाला धम्म दिसत नाही. (सिद्धार्थ कंथकावर बसून निघाला तेव्हाही सोबत छन्न होता, जनावर आणि त्याला जाणणारा माणूस, दोघं एकत्र. हे आम्हाला त्या अपघातानंतर सुचलं, आधी सुचायला हवं होतं.) पण घोडा नको हे आपण ठरवायचं, विहारात बसून, आपल्या लेकरांना पटवून. पारावरच्या माणसाने ठरवायचं नाही. तो ठरवत असेल तोवर आमची नावड आम्ही खिशात ठेवू आणि घोडी ठरवायला जाऊ.

जायचं कसं, एवढाच प्रश्न. आता आम्ही घोडी मागत नाही, घोडी आणि माणूस मागतो. लगाम मोतद्दाराच्या हातात नसेल तर विसारच देत नाही, मग नवरदेव पायी का जाईना. पायी जाणं हा पराभव नाही. चाळीसगावच्या आपल्या माणसांना हे सांगायला कुणी नव्हतं. भाडं इतरांना असेल तेवढंच, एक रुपया जास्त नाही. कागद साधा करतो: किती तास, कुठला रस्ता, पाणी आणि चंदी कुणाची, जनावर जखमी झालं तर काय, माणूस पडला तर काय. त्या कागदावर नवरदेवाच्या बापाबरोबर आमच्या सह्या असतात. दवाखान्याचा खर्च आला तर तो वर्गणीतून जाईल, लग्नघरातून नाही. कागदाची एक प्रत वरातीच्या अर्जाला जोडून ठाण्यात जाते. घोडेवाल्याला कुणाचा फोन आला तर नंबर आणि वेळ त्याने आम्हाला कळवायची, पुढचं आम्ही बघू.

आणि लग्नानंतर गाव सोडायचं नाही. म्हणजे तिथे तंबू ठोकायचा नाही, पण महिनाभर फोन उचलायचा. घोडेवाल्याची कामं तुटली तर त्याला दुसरीकडची मिळवून द्यायची. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आपण रथासाठी कुणाकुणाला पैसे देतो, त्यात हा माणूस का नको? यावर आमच्या बैठकीत खडाजंगी झाली. एका तरुणाने विचारलं, “त्याने आपल्याला अर्धवट घोडी दिली, आणि आपण त्याला पोसायचं?” प्रश्न चुकीचा नाही. आमचं उत्तर एवढंच, की त्याने अर्धं दिलं आणि पूर्ण भोगलं, आम्ही पूर्ण घेतलं आणि काहीच भोगलं नाही.

त्याच माणसाकडे आम्ही या हंगामात पुन्हा गेलो, जुने पैसे घेऊन. तासभर तो आमच्याशी नीट बोलला नाही. मग म्हणाला, पोराला पाठवत नाही, मीच येतो. पण माझी एक अट, घोडी चालू असेपर्यंत डीजे बंद आणि फटाका एकही नाही. आम्ही हो म्हणालो. पोरं उखडली. आपल्याच लग्नात डीजे बंद, ही अट इतरांना लावतो का, विचारा त्याला, असा गलका झाला. आम्ही विचारलं नाही. एका पोराने परस्पर शेजारच्या गावात मित्राला फोन लावला, जिथे आठ दिवसांपूर्वी पाटलाच्या घरचं लग्न झालं होतं आणि याचीच घोडी गेली होती. तिथेही त्याने डीजे बंद करायला लावला होता.