स्वस्तातल्या एक्सटीची बाजू



सुटे भाग जोडून बनवलेल्या पीसी-एक्सटी संगणकांना आपल्या लेखकाने गेल्या अंकात खेळणी ठरवून निकालात काढलं. हे पटत नाही. मूळ आयबीएम पीसी १९८१चा. त्याच्याशी सुसंगत यंत्रं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळवून मिळत आणि आमच्या आवाक्यात तीच होती. माझं यंत्र तिथलंच, कसारा लोकलने आसनगावला उतरवून शहापूरला आणलेलं.

८०८८ प्रोसेसर, ६४० केबी मेमरी, दोन फ्लॉपी ड्राइव्ह. हार्ड डिस्क नाही. एका ड्राइव्हमध्ये प्रोग्रॅम, दुसऱ्यात आपली माहिती. सव्वापाच इंची फ्लॉपीवर मावे जेमतेम ३६० केबी, पण मुरबाडच्या एका भातगिरणीचा अख्ख्या हंगामाचा हिशेब मी लोटस या स्प्रेडशीटमध्ये तेवढ्यात बसवला. मुंबईच्या कचेरीत तयार झालेली फाइल इथे जशीच्या तशी उघडे. खेळण्यात हे होतं का?

दोष काढायचे तर खरे काढा. पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरे. व्होल्टेज उतरलं की पडद्यावरचं चित्र आक्रसे, आणि वीज गेली की सेव्ह न केलेलं सगळं पाण्यात. मराठीचे तर हालच. पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड बसवलं की डॉसवर देवनागरी उमटे, पण ते घेण्याची माझी ऐपत नव्हती. गिरणीतल्या हमालांची नावं इंग्रजीत ठोकायची, नि पगाराला ती मोठ्याने वाचली की हशा पिकायचा.

वाचकांना एकच विनंती: माळ्यावर असं यंत्र पडलं असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी फ्लॉपींवरची माहिती उतरवून घ्या.

– एक वर्गणीदार, शहापूर (जि. ठाणे)